पाण्यावरचे तेल आणि आपली जयणा

गेल्या अंकात आपण उकळलेल्या पाण्याविषयी विचार केला होता. या अंकातही विषय पाण्याचाच आहे. मात्र पिण्याच्या पाण्याचा नव्हे, तर आपण वापरून बाहेर सोडून देतो त्या पाण्याचा.

आपल्या अनेक घरांत हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून पाणी गाळण्याची रीत आजही जपली जाते. नळाला शुद्धीकरणाचे यंत्र बसले, तरी आजीचे गाळणे सुटत नाही. फडके घट्ट विणीचे असावे, ते रोज धुऊन वाळवावे, एवढ्यावरच ही रीत थांबत नाही. गाळून झाल्यावर फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील, ते ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद परत सोडावेत, इथपर्यंत आपल्या पूर्वजांनी विचार केला होता. काही घरांत या परत सोडण्याला ‘जिवाणी’ म्हणतात. पाणी गाळणे हे अर्धे काम. गाळलेले योग्य जागी पोहोचविणे हे उरलेले अर्धे.

माझे बालपण एका पेढीच्या मागच्या खोल्यांत गेले. वंगण तेलाचा घाऊक व्यापार होता. घरात सूर्यास्तापूर्वी चूल विझे, पाणी गाळल्याशिवाय ओठाला लागत नसे, आणि पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आई आम्हाला खाली पाहून चालायला शिकवी. त्याच वाड्याच्या मागच्या अंगणात रिकामी झालेली तेलाची पिंपे सोड्याच्या गरम पाण्याने धुतली जात आणि ते पाणी उघड्या गटारातून नाल्याला मिळे. त्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसे. आम्हा मुलांना ते इंद्रधनुष्य वाटे. घरातील कोणीही निर्दय नव्हते. पण हे पाणी पुढे कुठे जाते, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पुढच्या दारी एवढी जयणा आणि मागच्या दारी एवढे विस्मरण, हे दोन्ही एकाच छपराखाली सुखाने नांदत होते.

चमचाभर तेलाचा विस्तार

तेल पाण्यात विरघळत नाही, हे आपण सारेच जाणतो. म्हणूनच ते निरुपद्रवी असावे, असा एक समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅफम येथील तळ्यावर केलेला एक साधा प्रयोग १७७४ साली प्रसिद्ध झाला. चहाच्या एका चमच्याएवढे तेल त्यांनी तळ्यावर ओतले. ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या मापाने वीस गुंठे पाण्यावर गेले आणि तेवढ्या भागातील लहान लाटा शांत झाल्या. चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरले, तर त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागेल. आपल्याला दिसणारा सप्तरंगी तवंग याहून कितीतरी जाड असतो, तरी तोही साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासच असतो.

हा पातळ पडदा काय करतो? हवेतला प्राणवायू पाण्यात सहजी उतरू देत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेणाऱ्या कीटकांच्या श्वासनलिकेत तेल शिरते. साचलेल्या पाण्यावर तेल टाकून डासांच्या अळ्या मारण्याची जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. ती योजना कोणी जाणूनबुजून करतो. आपल्या गटारातून गेलेले तेल मात्र तेच काम न सांगता, न मोजता करीत राहते.

पक्ष्यांची गोष्ट याहून करुण आहे. पाणपक्ष्याचे पीस ही निसर्गाने घडविलेली एक अद्भुत सच्छिद्र वस्तू आहे. तिच्या बारीक तंतूंच्या जाळीत हवा कोंडलेली असते, पाणी आत शिरत नाही, म्हणून पक्षी तरंगतो आणि थंडीत उबदार राहतो. पण जी जाळी पाण्याला बाहेर ठेवते, तीच तेलाला आत घेते. तेल शिरले की पिसे एकमेकांना चिकटतात, कोंडलेली हवा निघून जाते, आणि पक्षी गारठतो किंवा बुडतो. तो चोचीने पिसे साफ करू लागतो तेव्हा तेच तेल त्याच्या पोटात जाते. ‘पाणी नको, तेल हवे’ हा पिसांचा गुणच त्याच्या मृत्यूला कारण होतो.

आणि शास्त्रज्ञांनी तेल काढण्यासाठी जे पदार्थ घडविले आहेत, त्यांच्यामागचे तत्त्वही नेमके हेच आहे.

कमळाचे पान आणि कच्चा कापूस

जळात राहूनही जळाने न भिजणारे कमळ हा आपल्या आगमांतील परिचित दृष्टान्त आहे. ‘उत्तराध्ययन सूत्रा’त विषयांनी लिप्त न होणाऱ्या साधकाला ही उपमा दिलेली आहे. हे पान भिजत का नाही, याचा उलगडा जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी ख्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सविस्तर मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली कमळाचे पान गुळगुळीत दिसत नाही. त्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर मेणाचे त्याहूनही बारीक कण असतात. पाण्याचा थेंब त्या टोकांवर टेकतो. खाली हवा राहते. थेंब पसरत नाही, गोल राहतो, आणि घरंगळताना धूळही बरोबर घेऊन जातो.

पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ फार असते. म्हणून मेणासारख्या पृष्ठभागावर पाणी पसरण्याऐवजी स्वतःतच आकसते. तेलाच्या रेणूंची आपसातील ओढ त्या मानाने कमी असते. म्हणून तेल मेणावर सहज पसरते. थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे होणारा कोन मोजून शास्त्रज्ञ हा गुण ठरवितात. पाण्याच्या थेंबाचा कोन ९० अंशांहून अधिक असेल तर पदार्थ पाण्याला दूर सारणारा, आणि १५० अंशांहून अधिक असेल तर अतिशय दूर सारणारा समजला जातो. कमळाचे पान दुसऱ्या वर्गात मोडते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: कमळाचे पान पाण्याला नाकारते, तेलाला नाही. त्यावर तेलाचा थेंब ठेवला तर तो पसरतो आणि पानाला डाग पाडतो.

आता असा गुण असलेला पदार्थ सपाट न ठेवता सच्छिद्र केला, म्हणजे स्पंजासारखा किंवा कापसासारखा, तर काय होईल? त्याची छिद्रे पाण्याला दारातच अडवतील आणि तेलाला आत ओढून घेतील. दिव्याची वात तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने तेल आतल्या पोकळ्यांत भरत जाईल. पाण्यावर तरंगत राहून फक्त तेल पिणारी वस्तू तयार होईल.

हे घरच्या घरी पाहता येते. मुलांना बरोबर घेऊन करावा असा हा प्रयोग आहे. एका वाटीत गाळलेले पाणी घ्या आणि त्यावर चमचाभर शेंगदाणा तेल सोडा. गादीवाल्याकडून आणलेल्या, न धुतलेल्या कच्च्या कापसाचा एक पुंजका त्यावर अलगद ठेवा. दुसऱ्या वाटीत नुसत्या पाण्यावर औषधांच्या दुकानातील पांढराशुभ्र कापूस ठेवा. औषधी कापूस काही सेकंदांत पाणी पिऊन बुडेल. कच्चा कापूस तरंगत राहील आणि तेल टिपू लागेल. तंतू दोन्हीकडे तोच. फरक एवढाच की कच्च्या कापसावर निसर्गाने दिलेला मेणाचा पातळ थर शिल्लक असतो आणि औषधी कापसावरचा तो थर क्षाराच्या द्रावणात उकळून काढून टाकलेला असतो. प्रयोग संपला की ते तेल मोरीत ओतू नका. कापसाने पुरते टिपून, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या. या लेखाचा अर्धा आशय त्या एका कृतीत आहे.

प्रयोगशाळेतून समुद्राकडे

गेल्या काही दशकांत या तत्त्वावर पुष्कळ संशोधन झाले. २००४ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी पोलादी तारेच्या बारीक जाळीवर टेफ्लॉनचा खरबरीत थर देऊन दाखवून दिले, की डिझेल त्या जाळीतून खाली उतरते आणि पाणी वरच राहते. आपल्या गाळण्याचीच ही एक आवृत्ती म्हणता येईल. फक्त येथे निवड आकारावरून होत नाही, स्वभावावरून होते.

२०१७ साली अमेरिकेतील शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘ओलिओ स्पंज’ जाहीर केला. सोफ्याच्या गादीत असतो तोच पॉलियुरेथेनचा फेस त्यांनी घेतला. मुळात हा फेस तेल आणि पाणी दोन्ही पितो. त्याच्या आतल्या भिंतींवर धातूच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर वाढवून त्यावर तेलाची ओढ असणारे रेणू जोडण्यात आले. हा स्पंज स्वतःच्या वजनाच्या ९० पटींपर्यंत तेल धरतो, पिळून ते परत मिळविता येते आणि स्पंज पुन्हा वापरता येतो, असे त्या प्रयोगशाळेने सांगितले. न्यू जर्सीतील समुद्राच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत त्याची चाचणीही झाली. त्याआधी २०१३ मध्ये चीनमधील झेजियांग विद्यापीठात कार्बनचा एक इतका हलका सच्छिद्र पदार्थ बनला, की त्याचा एक घन सेंटिमीटरचा तुकडा ०.१६ मिलिग्रॅम भरतो. तो वजनाच्या ९०० पटींपर्यंत तेल धरू शकतो.

असे आकडे वाचून मन चकित होते. पण व्यापाऱ्याने आकड्याबरोबर भावही विचारावा. या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते ते अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठातील सेशाद्री रामकुमार यांचे कापसावरील काम. कच्चा, प्रक्रिया न केलेला कापूस आपल्या वजनाच्या तीसपट तेल धरतो, असे त्यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले. विशेष म्हणजे कमी मायक्रोनेअरचा, अपरिपक्व तंतूंचा कापूस, ज्याला बाजारात भाव पाडून मागितला जातो, तो या कामी सरस ठरतो. खानदेश-विदर्भात कापसाच्या व्यापारात असलेल्या आपल्या कुटुंबांनी या गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. पांढऱ्या सावरीचा कापूसही असाच आहे. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो. म्हणून पूर्वी तो बुडण्यापासून वाचविणाऱ्या जाकिटांत भरीत असत. उशीत घालायचा हा कापूस तेल टिपण्यातही वाकबगार आहे.

मुंबईच्या दारात आलेले संकट

हा प्रश्न दूरच्या समुद्राचा नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी, भर पावसाळ्यात, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका बाजूला कलंडली, तिच्यावरील कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात गेले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. तेल उरण, अलिबाग, घारापुरीच्या किनाऱ्यांना आणि खारफुटीच्या झाडांना जाऊन चिकटले. काही काळ मासेमारी थांबली आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांची रोजी बुडाली. किनाऱ्यावरील तेल खाणारे जिवाणू सोडून ते नष्ट करण्याचेही प्रयत्न झाले.

आता आपल्या सवयीप्रमाणे एक हिशोब मांडू. कापूस तीसपट तेल धरतो असे मानले, तर ८०० टन तेलासाठी सुमारे २७ टन कापूस लागेल. १७० किलोच्या गाठीप्रमाणे या सुमारे १५७ गाठी होतात. एखाद्या जिनिंगच्या आवारात एवढ्या गाठी सहज दिसतील. मग काम इतके सोपे आहे का? नाही. हा कागदावरचा हिशोब आहे. समुद्रावर तेल तासागणिक पसरते, लाटांनी घुसळून पाण्यात मिसळते, आणि जहाजाचे इंधन तेल इतके दाट असते की ते तंतूंच्या आत लवकर शिरत नाही. खारफुटीच्या श्वासमुळांना चिकटलेले तेल कोणताही स्पंज सोडवू शकत नाही. म्हणून जाणते लोक प्रथम तरंगते बांध घालून तेल अडवितात, यंत्राने वरचा जाड थर उचलतात, आणि उरलेल्या पातळ थरासाठी असे शोषक वापरतात. शोषक पदार्थ हा शेवटचा हात आहे, पहिला नव्हे.

तीन मर्यादा

या पदार्थांच्या तीन मर्यादा आपण समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्या आपल्या दुकानालाही लागू आहेत.

पहिली मर्यादा साबणाची. साबण तेलाचे इतके बारीक थेंब करतो की ते पाण्यात लोंबकळत राहतात. पाणी दुधाळ दिसते. असे पाणी साध्या शोषकातून तसेच निघून जाते. शिवाय साबण तंतूंवरचा पाणी अडविण्याचा गुणही घालवितो. वरच्या प्रयोगात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पाहा. तरंगणारा कच्चा कापूस भिजू लागेल. तेव्हा ‘स्वच्छतेसाठी’ साबण ओतणारा माणूस खरे तर तेल पकडण्याची शेवटची संधी घालवीत असतो.

दुसरी मर्यादा लेपाची. पाणी दूर सारण्यासाठी काही पदार्थांना फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देतात. यांतील अनेक रसायने निसर्गात अतिशय दीर्घकाळ टिकतात, विघटित होत नाहीत. एक प्रदूषण काढताना दुसरे सोडणे हा सौदा तोट्याचा आहे. म्हणून कापूस, सावर यांसारखे मूळचेच मेणचट तंतू, जिथे काम भागते तिथे, आधी विचारात घ्यावेत.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची: तेल पिऊन झालेल्या स्पंजाचे काय करायचे? तो उकिरड्यावर टाकला तर पहिल्या पावसात तेल पुन्हा नाल्यातच जाणार. म्हणजे आपण तेल काढले नाही, फक्त त्याची वाट थोडी लांबविली. येथे मला आजीची जिवाणी आठवते. गाळण्यावर राहिलेल्याची जबाबदारीही गाळणाऱ्याचीच असते.

मागच्या दाराचा हिशोब

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात एका लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक तेल व ग्रीस नसावे; सार्वजनिक गटारासाठी ही मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ पैशाच्या भाषेत नव्हे, पाण्याच्या भाषेत पाहू. एक लिटर तेल साधारण ९०० ग्रॅम भरते, म्हणजे ९ लाख मिलिग्रॅम. त्याला दहाने भागा. एक लिटर तेल ९०,००० लिटर निर्मळ पाण्याला या मर्यादेपर्यंत आणून ठेवते. दहा हजार लिटरचे नऊ टँकर! आपल्या अंगणात धुतलेल्या एका पिंपाच्या तळाशी किती तेल राहत असे, याचा विचार मी आता करू लागलो की मन अस्वस्थ होते.

गॅरेज, वंगण तेलाचे गोदाम, यंत्रांचा कारखाना, फरसाणाची भट्टी, तेलघाणी असे ज्यांचे व्यवसाय आहेत, त्यांनी पुढील क्रम पाळावा.

आधी सांडू देऊ नये. पिंपाखाली परात ठेवावी, गळकी तोटी त्याच दिवशी बदलावी. सांडलेच तर आधी कोरडे पुसावे, पाणी नंतर. कोरड्या फरशीवर लाकडाचा भुसाही चालतो, पण पाण्यावर तो उपयोगाचा नाही. तो तेलाबरोबर पाणीही पितो आणि बुडतो. धुण्याचे पाणी थेट गटारात न सोडता तीन कप्प्यांच्या टाकीतून न्यावे. पाणी संथ झाले की तेल आपोआप वर येते. कप्प्यांतील मार्ग तळाकडून असल्यामुळे वरचे तेल मागे राहते. शेवटच्या कप्प्यात जाळीच्या पिशवीत कच्चा किंवा सावरीचा कापूस भरून तरंगत ठेवावा. उरलेला तवंग तो टिपतो. या साऱ्यात साबण आणि उकळते पाणी शक्यतो टाळावे, कारण दोन्हीही तेलाला पाण्यात मिसळवून टाकीचे काम बिघडवितात.

वापरलेले वंगण तेल, तेलाचा गाळ, तेलाने माखलेल्या चिंध्या आणि कापूस, हे सारे २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावे, भंगारवाल्याला नव्हे. जळणासाठी हे तेल स्वस्तात मागणारे भेटतात. तो मोह टाळावा. फरसाण-मिठाईच्या व्यवसायात तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे. असे तेल जैवडिझेलसाठी गोळा करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. मोरीत ओतले तर पाप आणि नुकसान दोन्ही; गोळा करून दिले तर त्याचा मोबदला मिळू शकतो.

स्नेह आणि धूळ

आपल्या आचार्यांना तेलाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’तील बंध अधिकारात अंगाला तेल चोळून धुळीच्या जागी व्यायाम करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो. त्याला धूळ चिकटते ती जागेमुळे नव्हे, हालचालीमुळेही नव्हे, अंगावरच्या तेलामुळे. ‘स्नेह’ या शब्दाचे तेल आणि आसक्ती हे दोन्ही अर्थ त्या दृष्टान्तात एकवटतात. कर्मबंधाचा तो सिद्धान्त मोठा आहे आणि तो समजावणे हे साधु-साध्वींचे कार्य. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की तेल जिथे लागते तिथे ते एकटे राहत नाही. पुढचे बरेच काही धरून ठेवते.

पाच समितींपैकी शेवटची, उत्सर्ग समिती, टाकून देण्याच्या वस्तूविषयी आहे. जे टाकायचे ते कुठे, कसे, कोणत्या जीवाला बाधा न होता टाकायचे, याचा विवेक साधूंसाठी सांगितला आहे. श्रावकांसाठी सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत तळी-सरोवरे आटविण्याचा धंदा वर्ज्य ठरविला आहे. तळे आटविणे आणि तळ्यावर तेलाचा पडदा घालणे, या दोहोंत त्या तळ्यातील जीवांच्या दृष्टीने कितीसे अंतर आहे? ईर्यावहीच्या पाठात आपण पाण्यातील आणि दवातील जीवांचीही क्षमा मागतो. ज्या पाण्याला आपण रोज सकाळी मागच्या दारातून दुखवितो, त्याचा त्या क्षमेत समावेश आहे का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आमची पेढी आता भावाकडे आहे. चार वर्षांपूर्वी त्याने मागच्या अंगणात तीन कप्प्यांची टाकी बांधली आणि मच्छरदाणीच्या जाळीच्या पिशव्यांत सावरीचा कापूस भरून शेवटच्या कप्प्यात सोडला. पहिले दोन महिने काही उपयोग झाला नाही. बाहेर पडणारे पाणी दुधाळच राहिले. मग लक्षात आले, की कामगार पिंपे पूर्वीप्रमाणेच सोडा आणि साबणाची भुकटी टाकून धूत होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण चाळीस वर्षे आम्हीच त्यांना तसे शिकविले होते. आता पिंपे आधी उलटी करून रात्रभर निथळत ठेवतात, आतून कोरडी पुसतात, आणि मगच थोड्या साध्या पाण्याने खंगाळतात. निथळलेले तेल आणि माखलेला कापूस वेगवेगळ्या बंद डब्यांत साठवून अधिकृत केंद्राकडे जातो, आणि त्याची पावती पेढीच्या वहीत एका स्वतंत्र खात्यात चिकटवली जाते.

चातुर्मासात आपण अनेक नियम घेतो. ज्यांचा व्यवसाय तेलाशी निगडित आहे, त्यांनी या वर्षी आणखी एक घेऊन पाहावा. दुकान वाढविताना दिवसातून एकदा मागच्या दारी जावे आणि गटारातून वाहणाऱ्या पाण्याकडे क्षणभर पाहावे. त्यावर रंग दिसले, तर ते कुठून आले याचा शोध त्याच संध्याकाळी घ्यावा.